डिफेंडर ग्रॅहमची एकच गोष्ट

ग्रॅहम,

इंग्रजीत आपण एकमेकांना 'यू' म्हणत होतो, तेव्हा प्रश्न नव्हता. आता मराठीत लिहायला बसलोय तर तुला तू म्हणायचं की तुम्ही, हे ठरवावं लागलं. वयानं तू माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा. वर माझ्या मुलीचा कोच. आमच्याकडे अशा माणसाला मेल्यावरही अहो-जाहो करतात. मी तुला तू म्हणणार आहे, आणि ते जवळीक म्हणून नव्हे.

मागच्या शनिवारी तुझी शोकसभा झाली. अल्फारेटातल्या त्या फ्युनरल होममध्ये पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या आणि आम्ही अठरा जण होतो. क्लबचा डायरेक्टर बोलला. म्हणाला, ग्रॅहम जुन्या पद्धतीचा पोलादी डिफेंडर होता, इंग्लंडमधले फॉरवर्ड त्याला टरकून असायचे. लोकांनी माना डोलावल्या. सवयीनं मीही डोलावली असती, पण शेजारून माझ्या बायकोनं, मेधानं, माझ्याकडे पाहिलं आणि मी बुटांकडे बघत बसलो.

तू गेल्याचं कळलं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. तीन वर्षं आपण बोलत नव्हतो. ग्रोसरी स्टोअरमध्ये तू दिसलास की मी कार्ट दुसऱ्या रांगेत वळवायचो. तूही मला पाहिलंय हे मला कळायचं, कारण तू उगाच एखादा डबा उचलून त्यावरचं बारीक छापलेलं वाचत बसायचास, आणि वाचायचा चष्मा तुझ्या खिशात असायचा.

दोन हजार दोनच्या ऑगस्टमध्ये तू पहिल्यांदा मैदानावर आलास, तेव्हा मीच धावत तुझ्याकडे आलो होतो, हे कबूल करतो. ऋचा तेरा वर्षांची होती. पालकांनी मदत करायची असते म्हणून मी असिस्टंट कोच झालो होतो, म्हणजे सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडणं, बॉल गोळा करणं, पाण्याच्या बाटल्या. इथे अमेरिकेत सगळे सॉकर सॉकर करत होते आणि तू एकटा फुटबॉल म्हणालास. मीही फुटबॉल म्हणालो. त्या लाल मातीच्या, उन्हात भाजणाऱ्या मैदानावर तो शब्द वापरणारे आपण दोघंच होतो. मी तुला सांगितलं की मी कोल्हापूरचा आहे, तिथे फुटबॉल म्हणजे काय असतं, आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघातून मी सहा वर्षं राइट बॅक खेळलो. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "बूट घालून?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी हसलो. त्याच दिवशी तू माझ्या विलासचं विल करून टाकलंस, त्यालाही मी हसलो.

तुझी कारकीर्द म्हणजे चौदा सीझन. इंग्लंडच्या उत्तरेतली तीन गावं, तीन क्लब, आधी दुसरी डिव्हिजन आणि मग तिसरी. त्या गावांची नावं मला नकाशात शोधावी लागली. तरी मी मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणांमध्ये सांगत फिरायचो की आमच्या ऋचाचा कोच इंग्लंडचा प्रोफेशनल आहे. तिथल्या काकांना क्रिकेटपलीकडे काही कळत नव्हतं, पण इंग्लंड कळत होतं. तुझ्यामुळे माझी इज्जत वाढायची. आज हे लिहिताना मला लाज वाटते, पण ती माझी मी बघून घेईन. हा मजकूर तुझ्यासाठी आहे.

चौदा वर्षं खेळलेल्या माणसाकडे किती गोष्टी असाव्यात. तुझ्याकडे एकच होती. ती तू प्रत्येक बार्बेक्यूला सांगायचास, आणि नवीन पालक आले की पुन्हा. एकोणीस वर्षांचा विंगर, कडेनं पळत येणारा. सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव, पुढच्या महिन्यात देशाच्या संघात जाणार म्हणून बोलबाला. पहिल्या हाफमध्ये त्यानं तुला दोनदा चकवलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा तू बॉलकडे पाहिलंच नाहीस. इथे तू थांबायचास, बर्गरचा घास घ्यायचास, आणि दोन बोटांनी टिचकी वाजवायचास. "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला," म्हणायचास. "पोरगा पुन्हा कधी खेळला नाही. फुलांच्या दुकानात कामाला आहे म्हणे."

फुलांच्या दुकानावर हशा पिकायचा. तुझे ते आखूड उच्चार, लाल झालेला चेहरा. सगळे बाप पोट धरून हसायचे, मीही. मुली गवतावर बसून ऐकत असायच्या. त्यांना ती गोष्ट पाठ होती. त्या आपापसात टिचकी वाजवून दाखवायच्या.

तू ऋचाला काहीच दिलं नाहीस असं म्हटलं तर मी खोटारडा ठरेन. तिचा डावा पाय तू घडवलास. समोरच्या मुलीच्या पायांकडे किंवा डोळ्यांकडे न बघता कमरेकडे बघ, कंबर फसवत नाही, हे तू तिला शिकवलंस, आणि मला सहा वर्षांत कुणी ते शिकवलं नव्हतं. पाऊस आला की मुलींच्या बुटांच्या नाड्या तू गुडघ्यावर बसून स्वतः बांधायचास, दुहेरी गाठ मारून. आमच्या घरी तांबडा रस्सा प्यायलास तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तरी पाणी घेतलं नाहीस. मेधा म्हणाली, "अहो, द्या त्यांना पाणी, मरतील." तू हातानंच नको म्हणालास. पोलादी माणूस ना तू.

आणि आपलं भांडण. दर मंगळवारी, दर गुरुवारी, प्रॅक्टिस संपल्यावर गाडीला टेकून. मी म्हणायचो, डिफेंडरनं उभं राहावं. आमचे बापूसाहेब मास्तर मैदानाच्या कडेनं ओरडायचे, "उभा ऱ्हा. पडलास की तू प्रेक्षक." घसरून पाय घालायचा तो अगदी शेवटी, काहीच उरलं नाही तर. तू मान हलवायचास. "ते शाळेत ठीक आहे, विल. प्रोफेशनल गेममध्ये पहिल्या दहा मिनिटांत समोरच्याला कळलं पाहिजे की आज दुखणार आहे." मी चिडायचो. तू माझ्या खांद्यावर थोपटायचास. हरलेल्या माणसाला थोपटतात तसं.

दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये लीगची सेमीफायनल होती. समोरच्या संघात एमिली नावाची मुलगी होती, किडकिडीत आणि वाऱ्यासारखी पळणारी. ऋचा लेफ्ट बॅक. एमिलीनं तिला दोनदा चकवलं, दुसऱ्यांदा गोल झाला. उकाडा होता म्हणून रेफरीनं पाण्यासाठी खेळ थांबवला. तू ऋचाचे दोन्ही खांदे धरलेस. मी हातभर अंतरावर होतो, म्हणून शब्द न् शब्द माहीत आहे.

"दोनदा गेली ती," तू म्हणालास. "तिसऱ्यांदा काय करायचं असतं? माझी गोष्ट माहितीये ना?"

ऋचानं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचं उत्तर देणं माझं काम होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली.

तिसऱ्यांदा एमिली आली आणि ऋचा दोन्ही पायांनी घसरत तिच्यावर गेली. तुला एक सांगतो, ग्रॅहम. तो आवाज टिचकीसारखा नसतो. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून काहीतरी मोडावं तसा असतो, आणि त्यानंतर सगळं मैदान गप्प होतं. शेवटच्या रांगेपर्यंत वगैरे जात नाही तो. जवळच्यांनाच ऐकू येतो.

नडगीची दोन्ही हाडं गेली. ऋचाला लाल कार्ड मिळालं. ती चालत बाहेर आली तेव्हा तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "शाबास. आता तू आमच्यातली झालीस." ती आमच्या व्हॅनच्या पायरीवर जाऊन बसली. अ‍ॅम्ब्युलन्स आली, गेली, मॅच संपली, तरी तिनं शिनगार्ड काढले नव्हते.

पुढच्या रविवारी मी तिला एमिलीच्या घरी घेऊन गेलो. तासाभराचा रस्ता, त्यात दोनदा गाडी थांबवावी लागली, तिला उलट्या होत होत्या. एमिली सोफ्यावर होती, पायातून बाहेर आलेल्या धातूच्या सळ्या. ऋचानं चिठ्ठी लिहून आणली होती, ती तिनं वाचलीच नाही. म्हणाली, "आय डिड इट ऑन पर्पज. आय ॲम सॉरी." एमिलीची आई दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे न बघता ऋचाला विचारलं की तुला असं करायला कुणी सांगितलं.

"नोबडी," ऋचा म्हणाली.

पंधरा वर्षांच्या मुलीनं तुला वाचवलं, ग्रॅहम. आणि मलाही. तिथे नाव घ्यायला दोन मोठी माणसं होती आणि तिनं एकाचंही घेतलं नाही. येताना गाडीत मी विचारलं, कोचचं नाव का नाही सांगितलंस. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाय माझे होते, बाबा." त्यानंतर तिनं बुटांना हात लावला नाही.

मंगळवारी मी तुझ्याकडे आलो. तू कोन मांडत होतास, कारण ते मांडायला मी नव्हतो. मी एवढंच मागितलं की त्या घरी एक फोन कर आणि सांग की ही शिकवण माझी आहे. दोन मिनिटांचं काम. तू कोन मांडत राहिलास. मग सरळ झालास आणि म्हणालास, "विल, तू कधी प्रोफेशनल खेळला नाहीस. तुला नाही कळणार."

आपल्यातलं ते शेवटचं वाक्य. नंतरची तीन वर्षं मी ते तोंडात खडा ठेवल्यासारखं घोळवलं. तुझ्याबद्दल मला जो तिरस्कार होता तो साधा, स्वच्छ होता. एक क्रूर माणूस, आपल्या क्रूरपणावर पोट भरणारा. असा माणूस ओळखायला सोपा असतो, टाळायला त्याहून सोपा. तेवढ्यावर सगळं संपलं असतं. मग मी तुझ्या शोकसभेला आलो आणि तिथे अ‍ॅलन होता.

मागच्या रांगेत एकटा बसलेला, तुझ्याहून उंच, एका गुडघ्यानं अधू. फ्लोरिडाहून आठ तास गाडी चालवत आला होता. डायरेक्टरनं त्याला बोलायला बोलावलं, तू त्याच्याबरोबर सहा सीझन खेळलास म्हणून. तो नको म्हणाला. नंतर कॉफी घेताना आम्ही शेजारी उभे राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, ग्रॅहमचा तो विंगरचा किस्सा तर आम्हाला सगळ्यांना पाठ आहे.

"कुठला विंगर?"

मी सांगितला. एकोणीस वर्षांचा पोरगा, दोनदा चकवलं, तिसऱ्यांदा. टिचकी मी वाजवली नाही.

अ‍ॅलननं कप टेबलावर ठेवला. "हे स्वतः केलं असं ग्रॅहम सांगायचा?"

"शंभर वेळा सांगितलं असेल."

"ते मी केलं," तो म्हणाला.

मला आधी वाटलं, त्याला वयामुळे आठवत नसेल. पण त्याला सगळं आठवत होतं, मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात चिखल होता तेही. चकवलं तुलाच होतं, दोन्ही वेळा. तुमचा मॅनेजर बाहेरून ओरडत होता की ग्रॅहम, पाड त्याला. "ग्रॅहम पाडायचा नाही," अ‍ॅलन म्हणाला. "त्याच्याच्यानं होत नसे. तो उभा राहायचा, वाट बघायचा, आणि बॉल काढून घ्यायचा. बहुतेकदा जमायचं त्याला. त्या दिवशी पोरगा फारच चांगला होता. म्हणून मी मधून गेलो."

"आणि ग्रॅहम?"

"ग्रॅहम त्या पोराचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसला. स्ट्रेचर आलं तेव्हा कुणाला न विचारता त्याच्याबरोबर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढला. पायात बूट तसेच. मॅच चालू होती. मला रेफरीनं बाहेर काढलं होतं, हा निघून गेला. बाकीच्यांनी तीन गोल खाल्ले." अ‍ॅलननं कप पुन्हा उचलला. "सोमवारी मॅनेजरनं त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की मला डिफेंडर हवाय, नर्स नको. महिन्याभरात तो खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. पुढची आठ वर्षं तिथेच. एक कार्ड नाही मिळालं त्याला, माहितीये? आम्ही त्याला पाद्री म्हणायचो. फार चिडायचा."

मी विचारलं, तुमची गोष्ट त्यानं स्वतःच्या नावावर केली याचा राग नाही येत?

"घेऊ दे," तो म्हणाला. "मला ती कधी नकोच होती." मग त्यानं विचारलं, "इथे ती ऐकून लोक काय करायचे?"

"हसायचे."

"हं," अ‍ॅलन म्हणाला. "तिकडे कुणी हसलं नाही."

घरी येताना मेधा म्हणाली, "चला, माणूस चांगला होता म्हणायचा. आता तरी सोडा राग." मी म्हणालो, आता तर सुरू झाला.

खोटारडे मी पुष्कळ पाहिलेत, ग्रॅहम. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात निम्मे लोक दोन वर्षांच्या अनुभवाचे सहा करून या देशात आलेत. ती माणसं स्वतःला आहे त्याहून मोठं करून सांगतात, पोटासाठी सांगतात, आणि कुणाची हाडं मोडत नाहीत. तू स्वतःला आहे त्याहून नीच करून सांगितलंस आणि त्यात मोठेपणा मानलास. चौदा वर्षांत एकदा तू माणसासारखा वागलास, मैदान सोडून वागलास, आणि त्याचीच तुला आयुष्यभर लाज वाटली. कुण्या मॅनेजरनं नर्स म्हटलं म्हणून. मग समुद्र ओलांडून, जिथे तुला कुणी ओळखत नाही अशा गावात येऊन, तू दुसऱ्याचं पाप अंगावर घातलंस. मापाचा कोट सापडल्यासारखं.

क्रूर माणसाचा तिरस्कार करणं सोपं होतं. हा तिरस्कार वेगळा आहे. यात मला तुझी कीव येते आणि कीव आली की अजून राग येतो.

आपलं भांडणसुद्धा तू मला प्रामाणिकपणे दिलं नाहीस. तीन वर्षं गाडीला टेकून मी जी बाजू मांडली, उभं राहण्याची, ती तुझीच होती. तू चौदा वर्षं तसाच खेळलास. कोल्हापूरच्या एका मैदानावर बापूसाहेब मास्तर जे ओरडत होते ते इंग्लंडच्या चिखलात तू न ऐकता करत होतास. आणि माझ्या खांद्यावर थोपटत होतास. मला नाही कळणार म्हणालास. मला कळलं असतं, ग्रॅहम. त्या अख्ख्या काउंटीत ते कळणारा मी एकटा होतो.

आता काही गोष्टी वेगळ्या आठवतात. एमिली पडली तेव्हा तू टचलाइन ओलांडून दोन पावलं आत गेला होतास. मी तुझ्या मागेच होतो. मग तू थांबलास आणि वळून आमच्याकडे पाहिलंस, तुझ्या गोष्टीवर हसणाऱ्या त्या सगळ्या बापांकडे. आम्ही तुझ्याचकडे बघत होतो, पोलादी डिफेंडर आता काय करतो ते बघायला. तू परत फिरलास. त्या दोन पावलांपुरता तू तुझा होतास. तिसरं टाकलं असतंस तर मी तुला आज तुम्ही म्हटलं असतं.

काल रविवारी दुपारी मी ऋचाला फोन केला. ती आता स्टेट कॉलेज गावी असते, कॉलेजचं पहिलं वर्ष. तिकडे बर्फ पडत होता, ती अपार्टमेंटच्या लाँड्रीत कपडे वाळवायला बसली होती. तू गेल्याचं तिला ठाऊक होतं, अ‍ॅलनचं नव्हतं. मी सगळं सांगितलं. ड्रायरचा आवाज येत होता.

"म्हणजे कोच नेव्हर डिड इट," ती म्हणाली.

"नाही."

"आणि मी केलं."

तिला समजूत घातलेली आवडत नाही. मी म्हणालो, "हो."

मग तिनं विचारलं, "तो अ‍ॅम्ब्युलन्समध्ये गेला होता? त्या मुलाबरोबर? मॅच सोडून?"

"हो."

"मग त्यानं ती स्टोरी का नाही सांगितली, बाबा?" तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "दॅट्स द वन आय नीडेड."

मला उत्तर माहीत होतं, पण ते द्यायचा अधिकार माझा नव्हता. तेव्हा पंधरा वर्षांची होती ती, ग्रॅहम. तिनं ती गोष्टही ऐकली असती. तिनं तुझं सगळंच ऐकलं.